आजारी चिमीची चित्रं काढावीत का?

एका चित्रकार मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा :

"माझ्या घरात दोन मांजरं आहेत. चिमी सोळा वर्षांची, पांढऱ्यावर काळे-तांबूस पट्टे असलेली. काळू तीन वर्षांचा बोका, नखशिखांत काळा. गेली काही वर्षं माझ्या वहीत या दोघांशिवाय फारसं काही नाही. मोठ्या डोळ्यांची, लोकरीच्या गुंड्याशी खेळणारी मांजरं काढून दिली की लगेच विकली जातात. पण ज्यांच्या मताला मी फार मानते अशा एका ज्येष्ठ चित्रकारांनी वही चाळली आणि म्हणाले, 'हात चांगला आहे, पण गोंडस विषयात अडकलात.' त्यातच चिमीला मूत्रपिंडाचा आजार निघाला. ती खूप वाळली आहे. हल्ली मागचे पाय पोटाखाली न घेता बाजूला टाकून बसते, हे घरात आधी माझ्याच लक्षात आलं. तिच्याकडे बघताना हात पेन्सिलीकडे जातो आणि लगेच शरम वाटते. ती दुखण्यात, आणि मी तिच्या पाठीच्या मणक्यांवर पडलेली सावली बघतेय! मी हे काढावं का? की मांजरंच सोडून दुसरा विषय घ्यावा?"

प्रिय मैत्रिणी,

तुमची झोप उडवणारा प्रश्न चिमीचा आहे, म्हणून तोच आधी घेते. चिमीची चित्रं काढा. आजपासून काढा.

तुम्हाला वाटतंय की तुमच्यात दोन बायका राहतात. एक चिमीवर जीव टाकणारी, आणि दुसरी तिच्या मणक्यांच्या सावल्या टिपणारी, निर्दय. मला पत्रात एकच बाई दिसली. चिमीची बैठक बदलली हे घरातल्या सगळ्यांच्या समोर घडत होतं, तरी ते फक्त तुम्हाला दिसलं, कारण ती बैठक तुम्ही पूर्वी अनेकदा कागदावर उतरवली होती. पोटाखाली दुमडलेल्या पायांची रेषा तुमच्या हाताला पाठ होती आणि एक दिवस ती जुळेना. तुम्ही तिला पशुवैद्याकडे नेलंत ते त्यानंतर, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. मग ही नजर निर्दय कशी?

मांजर दुखणं लपवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. 2019 साली माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी बघतात. कान समोर आहेत की बाहेरच्या बाजूला वळून चपटे झालेत. डोळे पूर्ण उघडे आहेत की आवळलेले. मिशा जिथून उगवतात तो तोंडाचा फुगीर भाग गोल आहे की ताणून लांबट झालाय. मिशा सैल, बाकदार आहेत की ताठ. आणि डोकं खांद्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली गेलंय. आता हे पुन्हा वाचा. एखाद्या चांगल्या शिक्षकानं मांजराचा चेहरा काढायला शिकवताना नेमकं हेच सांगितलं असतं. डॉक्टरांना चिमीच्या डोळ्यांत आणि मिशांत जे शोधावं लागतं ते तुम्ही रोजच बघता. (ही पारख जाग्या, शांत मांजरावर करायची. झोपलेलं, खाणारं किंवा अंग चाटणारं मांजर त्यासाठी चालत नाही.) चित्रांवर तारीख घाला आणि पुढच्या तपासणीला वही सोबत न्या. डोकं कधीपासून खाली राहू लागलं, अंगावरचे केस कधीपासून गुठळ्या होऊन दिसू लागले, हे तोंडी सांगताना आपण गोंधळतो. कागद गोंधळत नाही.

आजारी जिवलगाचं चित्र काढणं हे नवं नाही आणि पापही नाही. फर्डिनांड होडलर या स्विस चित्रकाराची जोडीदार व्हॅलेंटीन गोदे-दारेल 1913 साली कर्करोगानं आजारी पडली आणि जानेवारी 1915 मध्ये गेली. तो सगळा काळ होडलर तिच्या उशाशी बसून तिला काढत राहिला. आधी ती उशीला टेकून बसलेली आहे, मग कललेली, मग अंथरुणाला पाठ लावलेली. चित्रागणिक शरीराची रेषा आडवी होत जाते. त्या मालिकेत मला कुठेही थंडपणा सापडलेला नाही. शेवटपर्यंत तोंड न फिरवणारा माणूस सापडतो.

पण काही बंधनं मी घालेन. चिमी उठून गेली तर वही घेऊन तिच्या मागे जायचं नाही. ती पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन बसली तर तिला उजेडात आणायचं नाही, दिवा वळवायचा नाही. औषध द्यायच्या, सलाईन लावायच्या वेळी हातात पेन्सिल नको, त्या वेळी दोन्ही हात तिचे. आणि एक बारीक गोष्ट जी चित्रकारांच्या हमखास हातून सुटते : टक लावून बघणं मांजराला धमकीसारखं वाटतं. आपण तर टक लावूनच बघतो! काळूला त्याचं काही वाटत नसेल, पण दुखण्यातल्या मांजराला वाटू शकतं. तेव्हा समोर न बसता थोडं तिरकं, तिच्याच उंचीवर, जमिनीवर बसा. नजर कागद आणि मांजर यांच्यात फिरती ठेवा. ती तुमच्याकडे बघत असेल तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघडा. तीही बहुधा तसंच करेल.

काही दिवस तुम्हाला काढवणारच नाही. तेव्हा काढू नका. नुसतं तिच्याजवळ बसा.

आता त्या ज्येष्ठांच्या शेऱ्याकडे येते. मला वाटतं त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं त्यांनी चुकीच्या जागी टाकलं. गोंडसपणा मांजरात नसतो, आपण मांजराचं जे करतो त्यात असतो. तुम्ही विकायला काढता ती मोठ्या डोळ्यांची मांजरं चिमी नाहीत आणि काळूही नाहीत. ती कुठलंच मांजर नाहीत. डोळा मोठा केला, कपाळ फुगवलं, नाक लहान केलं की कुठलाही प्राणी बाळासारखा दिसतो आणि बघणाऱ्याच्या पोटात माया दाटते. ही युक्ती आहे, ती तुम्हाला चांगली जमते, आणि त्यातून येणाऱ्या पैशांवर चिमीची औषधं येत असतील तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण वहीतली मांजरं वेगळी आहेत. पत्रासोबत पाठवलेल्या पानांत काळू पाठमोरा बसलाय आणि त्याचा एकच कान मागे वळलाय, ते पान मी बराच वेळ बघत राहिले. त्यात गोंडस काहीही नाही. काळू मात्र पुरेपूर आहे.

विषय लहान असतो हे मला मान्यच नाही. ग्वेन जॉन ही वेल्समधली चित्रकार पॅरिसला राहायला गेली. तिचं एक मांजर होतं, ती राहत होती त्या रस्त्याच्या नावावरून तिनं त्याचं नाव एद्गार किने ठेवलं. त्याची साधी, काही रेषांची आणि पातळ जलरंगांची चित्रं तिनं केली. मांजर निजलंय, मांजर बसलंय, एवढंच. ते मांजर हरवलं तेव्हा तिची काय अवस्था झाली ते तिच्या पत्रांतून कळतं. ही बाई एकच विषय पुन्हा पुन्हा काढायची. एका आजारातून उठणाऱ्या मुलीचं जवळजवळ सारखंच चित्र तिनं दहाएक वेळा केलं. बाहेरून बघणाऱ्याला ते अडकणं वाटेल. मला वाटतं प्रत्येक वेळी तिला थोडं अधिक दिसत होतं आणि म्हणून ती परत जात होती.

चित्रकार तेओफिल स्टाइनलेनचं उदाहरण तर त्या ज्येष्ठांसमोर जरूर मांडा. 1896 सालचं 'काळं मांजर' हे त्याचं पॅरिसमधलं पोस्टर जगभर भिंतींवर लागलेलं असतं. पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या त्याच्या घरी मांजरांचा कायम राबता असे. 1898 मध्ये त्यानं मांजरांच्या शब्दाविना चित्रकथांचं पुस्तक काढलं. उडी मारणारं, घसरणारं, दुधाच्या भांड्यात फसणारं मांजर, एकामागून एक हालचालींत. पण याच स्टाइनलेननं कामगार, धोबिणी, संपकरी, युद्धात घरदार गेलेली माणसं काढली, आणि त्या माणसांच्या वाकलेल्या पाठी बघताना मला पक्कं जाणवतं की हा हात मांजरांवर तयार झालाय. कपड्याच्या आतलं वजन कुठे टेकलंय हे त्याला कळतं. मांजर काढून काढून ते कळतं, कारण केसांच्या आत हाडं कुठे आहेत हे सतत ओळखावं लागतं.

आणि कुनियोशी! उतागावा कुनियोशी एकोणिसाव्या शतकातल्या एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी ठशांची चित्रं करायचा. त्याच्या कामाच्या खोलीत मांजरंच मांजरं असत आणि एखादं पिल्लू अंगरख्यात छातीशी धरून तो काम करी, अशी त्याच्या शिष्यांची आठवण आहे. 1842 च्या सुमारास सरकारनं नट आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली, तेव्हा त्यानं गाजलेल्या नटांचे चेहरे मांजरांना दिले. लोकांनी बरोबर ओळखले. मांजर हा त्याच्यासाठी लाडाचा विषय होता आणि त्याच मांजरानं त्याला बंदीतून वाटही काढून दिली. या जपानी ठशांचं वेड पुढे पॅरिसच्या चित्रकारांना लागलं. पिएर बॉनारचं 1894 चं 'पांढरं मांजर' ऑर्से संग्रहालयात आहे, ते बघा. पाठ कमानीसारखी वर, मान खांद्यांत बुडालेली, पाय अशक्य लांब. शरीरशास्त्राच्या परीक्षेत ते मांजर नापास होईल, पण आळस देणारं मांजर याहून खरं मी पाहिलेलं नाही. गंमत म्हणजे ते सहज आलेलं नाही. पायांचा आकार आणि जागा यांवर बॉनार बराच काळ अडला होता हे त्याच्या कच्च्या रेखाटनांतून आणि चित्राच्या क्ष-किरण तपासणीतून दिसतं.

तेव्हा मांजरं सोडू नका. गोंडस मांजर सोडा, निदान वहीतून.

थोडं कामाचं बोलते, कारण तुमच्या पानांत एक-दोन ठिकाणी मला फोटोचा वास आला. चिमीच्या एका चेहऱ्यात नाक पुढे आणि कान फारच मागे गेलेत. मोबाइल तोंडाजवळ नेऊन घेतलेल्या फोटोत तसं होतं, आपला डोळा मांजर तसं बघत नाही. फोटो आठवणीसाठी ठेवा, चित्र मात्र समोर बघून करा. मांजर हलतं ही तक्रार सगळेच करतात, पण ते पुन्हा त्याच बैठकीत येतं हे कमी जण लक्षात घेतात. एका मोठ्या कागदावर पाच-सहा चित्रं एकदम सुरू ठेवा. उठलं की ते अर्धं सोडून दुसरं धरा, परत तसं बसलं की पहिल्यावर या. काळू धावतो तेव्हा काढायचा प्रयत्नच करू नका. नीट बघा, तो गेल्यावर डोळे मिटा आणि जे उरलं तेवढंच काढा. सुरुवातीला जवळपास काहीच उरत नाही, नंतर उरू लागतं.

मागच्या पायाकडे लक्ष द्या. मांजर बोटांवर चालतं. मागे वळलेला जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो खरं तर घोटा आहे, आणि गुडघा वर, पोटाला लागून असतो. तुमच्या दोन चित्रांत तो घोटा फार खाली आलाय, म्हणून मागचा भाग कुत्र्यासारखा दिसतो. पुढच्या बाजूला मांजराचं गळ्याजवळचं हाड अगदी लहान असतं आणि दुसऱ्या हाडांना घट्ट जोडलेलं नसतं, त्यामुळे खांदे मोकळे सरकतात. दबा धरून चालणाऱ्या काळूचं खांद्याचं हाड पाठीच्या वर निघतं ते याचमुळे. तीच जागा पकडा, चाल आपोआप येईल. चिमीत आता हीच हाडं उघडी दिसताहेत, काळूच्या अंगात ती लपलेली आहेत. चिमीवरून शिकलेलं काळूवर वापरता येईल, आणि यात चिमीचा काही अवमान नाही.

चिमीचे पट्टे तुम्ही वरून चिकटवल्यासारखे काढता. मांजराचं पिल्लू आईच्या पोटात असताना त्याच्या रंग देणाऱ्या पेशी पाठीकडून खाली उतरत जातात, आणि जिथे त्या पोचत नाहीत तिथे पांढरं राहतं. म्हणून पांढरा बहुतेक वेळा पोटावर, छातीवर, पंज्यांवर असतो. पट्ट्याची कड शरीराच्या वळणावरून खाली ओघळल्यासारखी काढून बघा. काळूसाठी काळा रंग वापरू नका, निदान एकट्यानं नको. काळ्या मांजराला उन्हात बसवून बघा (तो स्वतःच बसेल), तांबूस झाक दिसेल, आणि काही काळ्या मांजरांच्या अंगावर तिरक्या उजेडात पुसटसे पट्टेही दिसतात. शाईनं करत असाल तर आधी कडेचा उजेड कोरा ठेवा, मग आत उतरा.

साहित्याबद्दल फार थोडक्यात, पण हे गंभीर आहे. मांजर पंज्याला लागलेलं सगळं चाटतं आणि त्याचं यकृत बरीच द्रव्यं आपल्यासारखी निपटू शकत नाही. चिमीची मूत्रपिंडंही आता थकलीत. टर्पेंटाइन, चित्र पक्कं करायचा फवारा, कॅडमियमचे रंग आणि खडूची धूळ ती असते त्या खोलीत नको. ब्रश धुतलेलं पाणी झाकून ठेवा. मूत्रपिंडाच्या आजारात मांजराला तहान फार लागते, आणि तुमच्या पेल्यातलं पाणी तिला आपलंच वाटेल. स्थिरचित्रासाठी लिलीची फुलं कधीही घरात आणू नका. पराग अंगाला लागून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, निरोगी काळूचीसुद्धा.

विक्रीचं राहिलं. लुई वेन हा इंग्लिश चित्रकार. त्याची बायको एमिली लग्नानंतर लवकरच कर्करोगानं आजारी पडली. तिचं मन रमावं म्हणून तो घरातल्या पीटर या काळ्या-पांढऱ्या मांजराची चित्रं काढू लागला. 1887 मध्ये ती गेली. मांजरांनी वेनला घराघरांत पोचवलं, पण चित्रं देताना तो छपाईचे हक्क स्वतःकडे ठेवत नसे. चित्रं जागोजागी छापली जात राहिली आणि त्याला अखेरीस सार्वजनिक मदतीवर जगावं लागलं. तुम्ही मूळ चित्र जरूर विका, पण त्याच्या प्रती, कार्डं, कॅलेंडरं छापायचा हक्क कोणाला किती काळासाठी देताय ते दर वेळी लिहून घ्या. एका ओळीचं का होईना, पण लेखी.

चिमीची आताची चित्रं मात्र तूर्त विक्रीला नको. कोणी मागितली तरी नको. ती पुढे कुठे जातील हे सहा-आठ महिन्यांनी ठरवा, दुःखात घेतलेल्या निर्णयावर नंतर हक्क चालत नाही. त्या ज्येष्ठांना पुन्हा भेटाल तेव्हा विकायची पानं घरी ठेवा आणि फक्त वही न्या, काळूची पाठमोरी बैठक सर्वांत वर. चिमीची पानं दाखवायची की नाही ते तिथे बसल्यावर ठरवा.

तुमची,
सदरकर्ती